जेवढं दुखते तेवढा हात दाबा

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कोणी मला ताईत-गंडे सुचवायला नको. बावीस वर्षं झाली मला नर्सिंगमध्ये. आमचं घर बौद्ध, वडील शाळामास्तर. अंगात येणं, करणी, बाहेरचं वगैरे कोणी बोललं की वडील चहाचा कप खाली ठेवायचे आणि त्या माणसाची उलटतपासणी सुरू करायचे. नर्स झाल्यावर मेलेल्या माणसांचं अंग पुसणं, नळ्या काढणं, जबड्याला पट्टी बांधणं हे माझं रोजचं कामच झालं. जुन्या हॉस्पिटलात एका आयाला लिनन रूममध्ये पांढऱ्या साडीतली बाई दिसायची. मी तिला शुगर तपासायला लावली... आणि शुगर निघाली! तर अशी मी आहे.

गेली सात वर्षं मी यवतमाळच्या एका ट्रस्टच्या होम केअर गाडीवर आहे. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, पेशंटचं नावही बदललंय. ज्या कॅन्सर पेशंटना नागपूरहून 'आता घरीच ठेवा' म्हणून परत पाठवतात, त्यांच्या घरी आम्ही जातो. आम्ही म्हणजे मी आणि ड्रायव्हर जमीलभाई. जखमेचं ड्रेसिंग, नाकातली नळी बदलणं, घरच्यांना शिकवणं. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे दुखणं आवाक्यात ठेवणं.

दुखणं मोजावं लागतं. पुस्तकात सोपं आहे — शून्य ते दहा आकडा विचारा. गावात विचारून पाहा! एका आजोबांच्या हाडांत कॅन्सर पसरलेला, घामानं बनियन ओलं, आणि म्हणतात काय, "दहापैकी दोन." मी डोस तसाच ठेवून निघाले होते. नशीब, चपला घालताना परत विचारलं. तर म्हणाले, "दोन म्हंजे नापासच न वो सिस्टर!" तेव्हापासून मी आकडा सोडला. पेशंटच्या हातात माझा डावा हात द्यायचा आणि सांगायचं, "जेवढं दुखते तेवढा दाबा." बोलता येत नसलेल्यालाही हे जमतं, आणि यात कोणी खोटं बोलत नाही. मला माझ्या या युक्तीचा जरा गर्वच होता.

गयाबाई राळेगाव तालुक्यातल्या. राळेगावहून अकरा-बारा किलोमीटर आत, नाल्यावरचा बुटका पूल ओलांडला की डाव्या हाताला पहिलं गाव. वय साठ-पासष्ट. उभा जन्म तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यातून गालाचा कॅन्सर. जबडा उघडत नव्हता, बोलणं बंद, नाकातून नळी. मुलगा हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आठवड्यातून एकदा यायचा. सगळं सुनेवर, वंदनावर. आणि वंदना करायचीही असं, की मी आमच्या नव्या पोरींना तिच्याकडे शिकायला पाठवलं असतं. जखमेचा वास येत नव्हता, नळी कधी तुंबली नाही, चादर कायम धुतलेली.

गयाबाईंच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बऱ्याच वर्षांपूर्वी कडबा कापायच्या मशीनमध्ये गेली होती. माझा हात त्या धरायच्या तो अंगठा आणि दोन बोटांनी. पण पकड काय होती! जन्मभर कापूस वेचलेली बोटं ती.

त्यांना मॉर्फिनची गोळी सुरू होती. तिचा असर चार तास राहतो, म्हणून घड्याळ लावून द्यायची — सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री झोपताना दोन गोळ्या एकदम. दुखल्यावर नाही, दुखू नये म्हणून. वंदना गोळी कुटून, पाण्यात विरघळवून नळीतून सोडायची. दर चौदा दिवसांनी मी पुढच्या गोळ्या घेऊन जायची, कारण त्या मेडिकलच्या दुकानात मिळत नाहीत.

गणपतीच्या दिवसांत पुलावरून पाणी गेलं आणि चार दिवस आमची गाडी पोचली नाही. गोळ्या संपल्या. त्या चार दिवसांत गयाबाई भिंतीवर डोकं आपटत होत्या, असं वंदनानं नंतर सांगितलं. मला फार वाईट वाटलं. मी तिला धीर दिला आणि जाता जाता बोलून गेले, "पुढं दुखणं वाढू शकते वंदना, मनाची तयारी ठेव." हे आम्ही सगळ्यांनाच सांगतो.

घटस्थापनेच्या दिवशी पहिल्यांदा झालं. दुपारचे चार वाजले होते. आर्णी रोडवरून परत येत होतो, मी पुढच्या सीटवर बसून फाइल लिहीत होते. एकदम कोणीतरी माझा डावा हात धरला. मुंग्या नाहीत, कळ नाही... धरला. गरम तळहात, आणि दाब वाढत गेलेला. मी हात झटकला. पाच मिनिटांनी परत. सहा वाजता थांबलं.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. मी स्वतःच निदान करून टाकलं की मनगटात नस दबली असणार, आणि पट्टा बांधला. आमच्या डॉक्टरांनीही मान डोलावली. रोज चार ते सहा. नस काय घड्याळ पाहून दबते? हा साधा प्रश्न दुसऱ्या कोणाला मी लगेच विचारला असता, स्वतःच्या बाबतीत सरळ कानाडोळा केला.

मधे गयाबाईंकडे दोन व्हिजिट झाल्या, नेहमीसारख्या सकाळी अकराला. उरलेल्या गोळ्या मोजल्या, हिशेबात बरोबर. हात दिला, त्यांनी हलकेच दाबला. दहाची गोळी नुकतीच गेलेली, दुखणं कमीच असणार. पण दुसऱ्या वेळी त्यांनी हात सोडलाच नाही. माझ्याकडे एकटक बघत राहिल्या. वंदना म्हणाली, "माय, सोड न वं, सिस्टरले पुढं जाऊ दे." मी हसत हसत एकेक बोट सोडवलं. अजून तीन घरं बाकी होती. ती बोटं सोडवल्याचा मला आजही स्वतःचा राग येतो.

दिवाळीचा पाडवा. मी ड्युटीवर होते, जमीलभाई मला घरी सोडायला निघाले होते. चार वाजून गेले आणि हात इतका आवळला गेला, की मी ओरडलेच. जमीलभाईंनी गाडी कडेला घेतली. मी पट्टा काढला. हाताच्या पाठीवर पांढरे ठसे उमटले होते, कडेनं लाल. जमीलभाईंनी वाकून पाहिलं. चेष्टेखोर माणूस, पण तेव्हा चेष्टा सुचली नाही त्यांना.

"सिस्टर, ये तो किसीने पकडा है... दो उंगली और अंगूठा."

मी तिथूनच वंदनाला फोन लावला.

"आजी कशा हायेत वंदना?"

"बऱ्या हायेत. झोपल्या."

"दोनची गोळी देल्ली?"

फोनमध्ये मागून आवाज येत होता... धप्... धप्... मधे जरा थांबून परत धप्.

"देल्ली न," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी काही सांगायच्या आत जमीलभाईंनी गाडी वळवली. पोचलो तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती. गावात घरोघरी फराळाची ताटं फिरत होती. आत गयाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटलेले, डोकं मागे आपटत. आणि वंदना त्यांच्या शेजारी बसून आपला तळहात डोकं आणि भिंत यांच्या मधे धरून होती. प्रत्येक ठोका ती हातावर झेलत होती. हात सुजून निळा झाला होता तिचा.

मला बघितलं आणि ती रडायलाच लागली. उठून स्वयंपाकघरात गेली, तुरीच्या डाळीचा डबा आणून माझ्यासमोर उपडा केला. डाळीतून गोळ्या निघाल्या. एकतीस. घटस्थापनेपासून पाडव्यापर्यंत रोज दुपारी दोनची एक. म्हणजे दहाच्या गोळीचा असर दोनला उतरायला लागायचा, चारपर्यंत कळ टिपेला पोचायची आणि सहाच्या गोळीपर्यंत तशीच राहायची.

"काहून वंदना? काहून असं केलं?"

"तुमीच म्हणलं न सिस्टर, पुढं लय दुखन म्हून. अन् पूल पुन्हा बुडाला त? तवा कोठून आणू मी गोळी? ते चार दिवस मी पाह्यले, तुमी नाई पाह्यले. म्हून दोनची वाचवून राह्यली. मले वाटलं, दोन-तीन घंटे कळ काढन माय, पण तवा तरी पुरन..."

ओरडण्यासाठी उघडलेलं तोंड मी मिटलं. वाक्य माझंच होतं, तिनं फक्त ते जिवापाड पाळलं होतं.

मी गोळी कुटून नळीतून दिली आणि गयाबाईंच्या हातात हात दिला. त्यांची बोटं बरोबर त्या ठशांवर बसली. हात मी काढला नाही. अर्ध्या-पाऊण तासानं पकड सैल झाली, आणि त्या खरोखरच झोपल्या.

डॉक्टरांशी भांडून मी त्या घरात आठवडाभराच्या जास्तीच्या गोळ्या ठेवल्या, म्हणजे पूल बुडाला तरी वंदनाला धास्ती नको. त्यानंतर एकही डोस चुकला नाही. दुसऱ्याच दिवसापासून माझा हातही शांत झाला. झालं त्याचा विचार मी करत नव्हते असं नाही, पण तेव्हा भीती नव्हती वाटत. उलट बरंच वाटायचं. बिचारीला बोलता येत नव्हतं, तरी कसं का होईना तिनं मला कळवलं, असं मी मनाशी धरलं होतं. गोष्ट इथेच संपली असती तर मी ती इथे लिहिलीच नसती.

गयाबाई मार्गशीर्षात गेल्या. पहाटे, झोपेत. वंदनाचा फोन आला तेव्हा तिचा आवाज शांत होता — सगळ्या गोळ्या वेळेवर दिल्या होत्या, रात्री त्रास नव्हता. आमच्या कामात यापेक्षा चांगलं मरण नसतं. मी म्हटलं, "सुटल्या वंदना, तू सोडवलं त्यांना." बारा वाजायच्या आत अग्नी दिला.

त्याच दिवशी दुपारी मी कळंबजवळ एका पेशंटकडे होते. पाठीच्या जखमेत गॉज भरत होते, दोन्ही हातांत ग्लोव्हज. चार वाजले... आणि माझा डावा हात धरला गेला.

अंगठा आणि दोन बोटं. पाडव्याच्या दिवशीपेक्षाही जोरात. हातातला चिमटा खाली पडला. पेशंटची बायको विचारत राहिली, सिस्टर काय झालं, काय झालं, आणि मी घड्याळाकडे बघत नुसती बसून राहिले. सहा वाजेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्या पेशंटच्या घरी ठेवता येत नाहीत, परत आणाव्या लागतात. मी पाचव्या दिवशी गेले. मुद्दाम सकाळी जाणार होते, पण वाटेत एका पेशंटची नळी निघाली आणि पोचायला पावणेचार झाले. वंदनानं चहा ठेवला. गयाबाईंची खाट उभी करून ठेवली होती. गोळ्यांची पाकिटं तिनं माझ्या हातात दिली आणि समोर बसली. पाडव्याला सुजलेला तिचा हात अजून पुरता बरा नव्हता.

"सिस्टर, एक विचारू? खरं सांगजा."

"विचार न."

"ते एकतीस दिवस माह्या डोक्यातून जात नाई. मीच तिले तडफडू देल्लं. निजाले गेली का तेच दिसते. आता... आता त नाई दुखत न तिले?"

चार वाजून सात-आठ मिनिटं झाली असतील. डावा हात मी ओढणीखाली घेतला होता, कारण ठसे उमटायला लागले होते. दाब वाढत होता. हाडाला हाड घासत असल्यासारखं. बावीस वर्षांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल, आणि दरवेळी मी एका क्षणात उत्तर दिलंय.

"नाही वंदना," मी म्हटलं. "आता काहीच नाही दुखत."

तिनं डोळे पुसले. हलकी झालेली दिसली मला ती, खूप दिवसांनी. पकड सैल झाली नाही.

याला सात महिने झाले. नसांची तपासणी केली, मानेचा एमआरआय केला, सगळं नॉर्मल. मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडेही जाऊन आले, त्यांच्या गोळ्या दोन महिने घेतल्या, झोप छान लागली, चार ते सहा तसेच राहिले. जमीलभाईंना ठसे दिसतात, पण ते आता त्या बाजूला बघत नाहीत. हे काय आहे, मला खरंच माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर सांगा, पण मंत्र-तंत्र नको.

कारण मला फक्त एवढंच कळतं, की हा दाब दहापैकी नऊच्या खाली नाही. औषध कोणतं ते मला माहीत आहे. डोस किती, तोही माहीत आहे. रोज दुपारी दोन वाजता गोळ्यांची बॅग माझ्या मांडीवर असते, आणि गोळी द्यायला माझ्यासमोर कोणी नसतं.