तिसगावचे संध्याकाळचे दूध

"साळवेमामा, उद्यापासून तुम्ही केंद्रावर जाऊ नका," असे साहेबांनी सांगितले, तेव्हा डेअरीच्या आकडेवारीचे काम पाहणारी मी शेजारच्याच खुर्चीत लॅपटॉप उघडून बसले होते.

साळवेमामा आमच्या डेअरीच्या तिसगाव संकलन केंद्राचे प्रमुख. ठपका दुधात पाणी मिसळल्याचा होता. केंद्रावर मोजलेल्या फॅटची, म्हणजे दुधातील स्निग्धांशाची, रिपोर्टमधली सरासरी जास्त असे. तेच दूध टँकरने नगरच्या मुख्य डेअरीत पोहोचले की फॅट कमी लागे. इतर केंद्रांत हा फरक नगण्य होता.

मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, आमच्याकडं प्यायचं पानी टँकरनं येतंय. दुधात घालाया कुठून आनू?"

साहेब हसले नाहीत. मी आकडे तपासायला थोडा वेळ मागून घेतला.

हा रिपोर्ट आमच्या क्यूबमधून, म्हणजे डेअरीची सगळी आकडेवारी साठवणाऱ्या संगणकीय साठ्यातून, निघत असे. साध्या तक्त्याला ओळी आणि रकाने अशा दोनच दिशा असतात. क्यूबला केंद्र, तारीख, पाळी अशा अनेक. त्याला प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एमडीएक्स. ओळींत काय, रकान्यांत काय आणि कोणत्या महिन्यापुरते, हे तिला नेमके सांगावे लागते.

मी ओळींत केंद्रे मांडली, रकान्यांत सकाळ आणि संध्याकाळ. फॅट नव्हे, आधी लिटर मागवले. इतरत्र दोन्ही पाळ्यांचे दूध थोड्याफार फरकाने सारखे होते. तिसगावला संध्याकाळचे अगदीच थोडे.

"मामा, संध्याकाळचं दूध इतकं कमी का?"

"सांजचं लोक घरीच ठेवत्यात, मॅडम. विरजनाला. उरलं तर आनत्यात."

संध्याकाळच्या दुधाला फॅट जास्त लागते. रिपोर्ट तयार करणाऱ्या कंपनीने दोन्ही पाळ्यांच्या फॅटची बेरीज करून सरळ दोनने भागले होते. घागरभर पातळ दूध आणि तांब्याभर घट्ट दूध, दोघांना सारखाच मान. टँकरमध्ये मात्र तांब्याचा प्रभाव तांब्याएवढाच उरतो.

मी एमडीएक्समध्ये नवा मेझर, म्हणजे आकडा काढण्याचे सूत्र, लिहिला: एकूण स्निग्धांश भागिले एकूण दूध. क्वेरी रन केली. तिसगावचा आकडा टँकरच्या आकड्याला जाऊन भिडला. बाकीची केंद्रे जागची फारशी हलली नाहीत.

साहेबांनी मागचे महिनेही तपासायला लावले. प्रत्येक महिना जुळला. मग त्यांनी चष्मा काढला.

"मामा, उद्याचा टँकर तुम्हीच भरा."

"दुधाचाच ना, साहेब?" मामांनी विचारले. या वेळी साहेब हसले.

दोन आकड्यांना दोनने भागण्यापूर्वी प्रत्येकामागे किती दूध आहे, हे विचारावे. क्यूब उत्तर देतो. मात्र न विचारता देत नाही.