तराफा गच्चीवर जाणार नाही!

तलावातलं शेवाळ अन् आमच्या टीमचे किस्से सारखेच. आज काढून फेकले की उद्या पुन्हा तेवढेच!

आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणजे देवळीजवळच्या तलावावर तरंगणारा तराफा. त्यावरचे आरसे सगळं ऊन एका छोट्या सोलर सेलवर टाकतात. सेल तापला की वीज घटते, म्हणून तलावाचं पाणी पंपानं त्याच्या मागून फिरवायचं. आमच्या गाईड सरांचं पहिल्या दिवसापासून एकच, "उन्हाळ्यात फेल झालं तर तराफा कॉलेजच्या गच्चीवर!"

आमची लीडर शीतल म्हणाली, "गच्चीवर? डायरेक्ट तव्यावरच ठेवा ना सर!"

*

शीतलचे बाबा भाजीपाला पिकवतात. तराफा बघून म्हणाले, "पाण्यावर आरसे? काऊन वं, मासोळ्यांले मेकअप कराचा हाय का?"

*

एकदा सर काळी छत्री घेऊन तराफ्यावर वाकले. "एवढुशा आरशांनी काय होते?"

छत्रीतून धूर! मग भोक!

शीतल शांतपणे म्हणाली, "एवढंच होते सर."

*

आरशांवर बगळे बसायचे. शीतलनं बाबांच्या वावरातून बुजगावणं आणलं. त्याला शर्ट नव्हता, तो सरांच्या मिसेसनी दिला. आमच्या काकू एकदम दिलदार! सर काठावर आले, अन् आपल्याच शर्टाकडे बघतच राहिले.

त्या दिवसापासून बगळे गायब!

*

सूर्याकडे तराफा फिरवणारी मोटर बंद पडली. सर म्हणाले, "आता सोडा." आम्ही दोरी बांधून काठावरून ओढायला लागलो. पाण्यावर तराफा मस्त फिरतो! शीतल ओरडली, "सूर्य थांबून राह्यला का? मंग आपण काऊन थांबाचं?"

*

अन् मे महिना. फायनल ट्रायललाच पंप जळला! सेल तापला, रीडिंग धडाधड खाली. सर म्हणाले, "मी कॅन्टीनमध्ये जेवून येतो. तोवर सुधारलं नाही, तर तराफा गच्चीवर."

शीतल स्कूटी घेऊन गायब. परत आली ती कूलरचा पंप घेऊनच! जोडला, पाणी फिरलं, रीडिंग वर!

सर आले, मीटर बघितलं, हातानं पाइप चाचपला. "ठीक आहे. राहू द्या पाण्यातच."

संध्याकाळी शीतलला त्यांचा फोन. "आमचा कूलर नुसता गरम हवा फेकून राह्यला! पंप कुठंय?"

मागून काकूंचा आवाज, "पोरींनो, मी देल्लेला पंप तिथून काढू नका!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सर एकटेच तलावावर आले. बूट काढले, पाय पाण्यात सोडले अन् म्हणाले, "रात्री गच्चीवर झोपून पाह्यलं, लय गरम होते बाप्पा!"