झुलालच्या नावाचा रकाना

झुलाल मैलकुली रस्त्याशी बोलतो, अशी रस्ता दुरुस्त करणाऱ्या त्याच्या टोळीत टिंगल व्हायची. टिंगल करणाऱ्यांचं काय जातं? धुळ्याबाहेर किलोमीटरभर लांबीच्या जुन्या सिमेंटच्या रस्त्यावर सहा वर्षांपूर्वी सिमेंटचाच नवा थर चढवलेला होता, त्यात दोनशे चाळीस सांधे. झुलाल रोज सकाळी पहारीचं टोक एकेका सांध्यावर आपटायचा आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर ठीक. भद्द आवाज आला, म्हणजे खालचा थर सुटला. मग तो मुकादमाला सांगायचा, "हाऊ सांधा उन्हायामा फुटी."

आणि फुटायचा. पण या सहा वर्षांत त्याचं एक अक्षर कुणी कागदावर उतरवलं नव्हतं. जूनमध्ये तो रिटायर होणार होता. त्याआधी आपलं म्हणणं एकदा तरी कुठे लिहिलं जावं, एवढी एकच हाव त्याला उरली होती. अशी हाव करणारी माणसं मला फार आवडतात.

१९९५च्या फेब्रुवारीत मेहरुन रस्त्यावर आली. धुळ्याचीच मुलगी, इंजिनिअरिंगच्या वरच्या परीक्षेसाठी प्रकल्प करत होती. तिच्या कॉम्प्युटरमध्ये न्यूरल नेटवर्क नावाचा प्रोग्रॅम होता. सांध्याचं वय, थराची जाडी, वाहनांची वर्दळ अशी माहिती त्याला द्यायची, कुठला सांधा टिकला आणि कुठला फुटला तेही सांगायचं. मग चुकत चुकत तो स्वतःच शिकणार आणि पुढे कोणता फुटेल ते सांगणार. बांधकाम खात्याच्या दोन वर्षांच्या पाहणीवरून तो शिकला होता. त्यानं काढलेली बत्तीस सांध्यांची यादी घेऊन ती पडताळायला आली होती.

झुलालनं यादीतले पाच-सहा सांधे ठोकून पाहिले. सगळे खणखणीत. सगळ्यात पोकळ सांधे मात्र प्रोग्रॅमनं धडधाकट ठरवले होते. मेहरुनचा चेहरा उतरला. "आबा, तीन महिने झाले. हे असंच उलटं सांगतंय," ती म्हणाली.

झुलाल हसायला गेला आणि हसू तोंडातच राहिलं. त्याला पाहणीचे दिवस आठवले. साहेब येणार म्हटलं की टोळी आदल्या दिवशी पातळ सिमेंट घोळायची आणि सगळ्यात वाईट सांध्यांवर पोतेरं मारायची. पाहुणे यायच्या आधी ओटा सारवावा तसं. चोरी म्हणून नव्हे, अदब म्हणून. पाहणीवाले आले, ते सांधे गुळगुळीत दिसले, "उत्तम" लिहून गेले. आणि ती भोळी मशीन तेच खरं मानून शिकली होती.

हे बोलावं तर शेवटच्या चार महिन्यांत नोकरीच्या कागदावर लाल शेरा यायचा. न बोलावं तर पोरीचं वर्ष पाण्यात जायचं. झुलाल त्या दिवशी नीट जेवला नाही. दुसऱ्या दिवशी तो कॉलेजात गेला, कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर सगळ्यांसारख्या चपला काढल्या आणि आत जाऊन उभा राहिला.

"ताई, तुन्हा मशीनना दोष नही शे. साहेब येवाना व्हतात म्हनीसन आम्हीच पोतेरं मारेल व्हतं."

मेहरुननं वही उघडली. "आबा, कोणकोणत्या सांध्यांवर?"

त्यानं एकेक नंबर सांगितला. पुढचे आठ दिवस तो ठोकत गेला, ती लिहीत गेली: खणखणीतला एक, बोद्याला दोन, पोकळला तीन. उपअभियंता वाणी साहेबांना कळलं तेव्हा ते आधी भडकले. मग त्यांना आठवलं असावं, की "रस्ता जरा बरा दिसू द्या" असं टोळीला सांगणारे तेच होते. लाल शेरा काही आला नाही. झुलालच्या नोंदी घेऊन प्रोग्रॅम पुन्हा शिकला, आणि त्यानं काढलेली बत्तीस सांध्यांची नवी यादी साहेबांनी मार्चमध्ये पाकिटात बंद करून, मे संपताना पडताळायला म्हणून, स्वतःच्या कपाटात ठेवली.

मे महिन्यात खानदेशचं ऊन सिमेंट कसं फुगवतं, ते सांगायला नको. तीस मेला पाकीट फोडून तिघं रस्ता चालले. यादीतल्या बत्तीसपैकी एकोणतीस सांध्यांच्या कडा उडाल्या होत्या. मोजणी संपताच मेहरुन रस्त्यातच खाली बसली आणि हसत राहिली. झुलालची छाती अशी फुगली, की सदऱ्याचं बटण ताणलं गेलं.

ऑफिसात वाणी साहेब तिचा अहवाल चाळत होते. एका तक्त्यावर ते थांबले. "जाडी मिलिमीटरमध्ये, वय वर्षांत, वाहनं दिवसाला. आणि हा 'झुलाल' कशात मोजतात?"

"पहारीनं, साहेब," मेहरुन म्हणाली. "हा रकाना काढला, तर निम्मे अंदाज चुकतात. मी करून पाहिलं."

साहेबांनी तक्ता झुलालसमोर सरकवला. सगळी अक्षरं इंग्रजी होती, पण त्या एका रकान्यावर तिनं पेननं मराठीत त्याचं नाव घातलं होतं. पगाराच्या सहीपुरतं येणारं ते नाव झुलालनं बोट फिरवत वाचलं. मग खालचे दोनशे चाळीस आकडेही, एकही न गाळता.

"आते लिखाई गयं," तो म्हणाला, आणि दाराशी टेकवलेली पहार उचलून कामावर निघाला.