काळोखात पाहणारा वीर आणि मास्तरकाका

कुठल्याही दोन माणसांचा खटला चालवल्याशिवाय ज्याला घास उतरत नाही, असा माणूस आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर एकच झाला, तो म्हणजे माझ्या वडिलांचा मित्र. हे मास्तरकाका शाळेत इंग्रजी शिकवत आणि उरलेल्या वेळात हरलेल्यांचं वकीलपत्र घेत. न्हाव्याकडे एकदा दशावतारातला राजा मोठा की राक्षस, असा विषय निघाला. न्हावी राजाच्या बाजूचा. मास्तरकाका अर्ध्या दाढीनिशी उठले आणि राक्षसाचं काम करणाऱ्या सुताराला साक्षीला आणायला गेले. सुतार गावाला गेलेला होता. राहिलेली दाढी दुसऱ्या दिवशी झाली, आणि शाळेत ते तसेच शिकवून आले.

त्यांचा लाडका अशील मात्र एका जाडजूड इंग्रजी कादंबरीतला होता. त्याच्या हातून माणूस मेलेला, आणि तो पुढची सगळी पानं झुरतो. माझा आगबोटीवरचा मामेभाऊ चित्रांची इंग्रजी पुस्तकं घेऊन आला, तेव्हा त्यातला झगा पांघरून उडणारा, काळोखातही पाहू शकणारा वीर मी मुद्दाम त्या अशिलापुढे उभा केला. कॉलेजातून सुट्टीला आलेलो, खोडी काढायची हौस होती. मास्तरकाकांनी त्या पुस्तकाला आधी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, मग दोनदा वाचलं.

"ह्येका काळोखात दिसता, म्हणान ह्यो मोठो?" ते म्हणाले. "अरे, जो काळोखात दिवो लावक इसारलो, तेका तो काळोख भर दुपारीय दिसता. मग नजर कोणाची मोठी?"

आमच्याकडे होडी तिन्हीसांजेला परतायची असली की घरातल्या कुणीतरी खडपावर झावळांची पेटती चूड धरून उभं राहायचं, म्हणजे खडक कुठे ते होडीवाल्याला कळतं. मास्तरकाकांच्या धाकट्या भावाची होडी खडकावर फुटून तो बुडाला, त्या दिवशी चूड धरायची पाळी त्यांची होती, आणि ते पडवीत तीच जाडजूड कादंबरी वाचत बसले होते. तेव्हापासून भावाची बायको त्यांना दोन वेळ जेवायला वाढी. पण बोलत नसे. ताट ठेवलं की भांडं वाजवी, एवढंच. वर्षानुवर्षं ते भांडं ऐकून मला त्या घरात जेवण गोड लागत नसे.

त्या दिवशीही ती ताट घेऊन आली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "काका, आता तरी सोडा की त्याला."

"तेका सोडूक जो व्हयो, तो पुस्तकात नाय," मास्तरकाका म्हणाले.

ताट ठेवूनही भांडं वाजलं नाही. ती दारातच उभी होती.

"वारो केवढो होतो त्या दिसा, भावोजी," ती म्हणाली. "चूड पेटयली आसती तरी पेटती रवाची नाय. जेवा आता."

होडी फुटली त्या संध्याकाळी माडाचं पानसुद्धा हललं नव्हतं. अख्ख्या वाडीला ते ठाऊक होतं. तिलाही होतं, मास्तरकाकांनाही होतं. आयुष्यभर प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी घेणाऱ्या त्या माणसाने ही साक्ष तशीच राहू दिली. मान खाली घालून जेवत राहिला, आणि तिने न विचारता आणखी भात वाढला.