काकूंचं धुतलेलं पातळ

मांजरवाल्यांनो, आज माझ्या हातून जे झालं ते तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

मोताळ्यात मी गावाला जाणाऱ्यांची मांजरं घरी सांभाळते. मांजर सोडताना मालकानं आपला एक न धुतलेला कपडा द्यायचा, हा माझाच नियम. ओळखीचा वास असला की मांजर जेवतं.

गल्लीतल्या काकू ऑपरेशनसाठी बुलढाण्याला गेल्या, तेव्हा त्यांची मनी माझ्याकडे आली. सोबत त्यांचं नेसतं सुती पातळ. म्हणाल्या, "चार दिवसांची गोष्ट आहे. तिले रागावू नको."

आज सकाळी मनी त्या पातळावर ओकली. मी सवयीनं ते साबण लावून घासलं आणि दोरीवर टाकलं.

दुपारी काकूंच्या मुलाचा फोन आला. "ताई, आई गेली. मनीले राहू द्या तुमच्याचपाशी."

वाळलेलं पातळ मी मनीपुढे अंथरलं. तेव्हापासून ती त्यात नाक खुपसते, माझ्याकडे बघते, पुन्हा खुपसते. काही खात नाही.

काकूंच्या घरी त्यांचा एखादा न धुतलेला कपडा अजून असेल. उद्यापर्यंत तोही धुतला जाईल.

आज त्या पोराला हे कोणत्या तोंडानं विचारू?