चार बोटं वर

दुकानात सगळे तिला मास्टरबाई म्हणत, कारण कापडावर कात्री चालवायचा मान तिचा. नवरा मशीनवर शिवायचा, ती कापायची. गणवेशाच्या कापडाचे आठ-आठ थर एकावर एक टाकून ती कात्री अशी फिरवायची की वरची बाही आणि खालची बाही यांत सुताचाही फरक नसे. अशा बाईचा उजवा खांदा वर्षभरापूर्वी दुखायला लागला, तो थांबलाच नाही.

फोटो काढले, रक्त तपासलं, दवाखान्यातल्या मोठ्या मशीनमध्ये घालूनही पाहिलं. सगळं नॉर्मल. "काही निघालं नाही ना, मग झालं तर!" म्हणत नणंद निर्धास्त झाली. मास्टरबाई मात्र धास्तावली. नाव असलेल्या दुखण्याशी निदान भांडता येतं. बिननावाचं दुखणं उद्या कुठे जाऊन बसेल, कोणी सांगावं? एक दिवस कात्री हातातून गळेल, आणि आपण टेबलापाशी नुसत्याच उभ्या राहू, या विचाराने ती भरदिवसा घामाघूम व्हायची.

"आजार हत्तीच्या पावलाने येतो नि मुंगीच्या पावलाने जातो," शेजारचा घड्याळवाला समजूत घालायचा.

"माझी मुंगी अजून घरातून निघाली नाही हो," ती म्हणायची आणि हसायची. हसताना खांदा हलला की हसू आवरतं घ्यायची.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला एकच काम दिलं होतं. रोज सकाळी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि उजव्या हाताची बोटं भिंतीवरून एकेक पाऊल वर चढवायची, जातील तिथवर. "दुखेल, पण आत काही तुटणार नाही," त्या म्हणाल्या होत्या. "सोडू मात्र नका. सोडलंत तर खांदा आखडत जाईल."

तुटणार नाही, हे मास्टरबाईला पाठ होतं, पटलं नव्हतं. हात कानाच्या वर गेला की ती डोळे गच्च मिटायची आणि आत काही कट्‌कन वाजतंय का, याची वाट बघायची. तेवढ्यात नवरा मागून येऊन कापडावर आखायच्या खडूने बोटांपाशी रेघ मारायचा. हात खाली आला, डोळे उघडले, की म्हणायचा, "बघ, सरकली की नाही वर!"

त्या रेघांच्या जोरावरच ती उठत होती. दुकानामागच्या खोलीत अंथरुणात रोज वाटे, आज नको, आज काहीतरी फाटेल. मग समोरची भिंत दिसे. तीन महिन्यांत रेघ चार बोटं वर गेली होती. ती उठायची.

एका सकाळी नवरा बटणं आणायला लवकर गेला. रेघ मारायला कोणी नाही, म्हणून तिने डाव्या हातात खडू धरला आणि उजवा हात वर असतानाच डोळे उघडले. बोटं कालच्या रेघेच्या चार बोटं खाली होती.

तिचं धाबं दणाणलं. तिने पुन्हा हात चढवला. पुन्हा तिथेच. पाचव्या वेळी मनगटापर्यंत कळ गेली आणि ती कापडाच्या गठ्ठ्यावर मटकन बसली. कापायचं काम तसंच पडून राहिलं.

नवरा आला तेव्हा ती म्हणाली, "अहो, एका दिवसात चार बोटं उतरला हात. आता माझं काही खरं नाही."

त्याने बटणांची पिशवी खाली ठेवली. भिंतीपाशी जाऊन सगळ्यात वरच्या रेघेवर बोट ठेवलं.

"उतरला नाही," तो म्हणाला. "चढलाच नव्हता. मीच रेघ वर वर मारत होतो."

"काय?"

"पहिल्या महिन्यात हललाच नाही गं. तू व्यायाम सोडशील म्हणून घाबरलो. एकदा मारली, मग खाली कशी आणणार?"

तीन महिने या माणसाने ताकास तूर लागू दिली नव्हती. तिला संताप आला, आणि मग त्याच्याकडे बघताना तोही टिकेना. आपण डोळे मिटून घाबरत होतो. हा रोज उघड्या डोळ्यांनी, एकटा, घाबरत होता. भीती वाटून घेतली की अर्धी होते म्हणतात. तिची तर दुप्पट झाली.

दुसऱ्या सकाळी तो भिंतीजवळ फिरकलाच नाही. शिलाई नसताना मशीन पुसत बसला.

"या इकडे," तिने हाक मारली. "आहे तिथेच मारा."

तिने हात चढवला. डोळे मिटले नाहीत. कळ आली, पण आत कट्‌कन काही वाजलं नाही. त्याने रेघ मारली. ती अगदी पहिल्या दिवसाच्या रेघेच्याही अर्धं बोट खाली होती. दोघांनीही ते पाहिलं.

"पुसू का?" त्याने हळूच विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "घाबरायचंच आहे, तर खरं बघून घाबरू. उद्या हाक मारायला लावू नका."