हात मागे घ्यायचा नाही

पांढरीनं अंगठा धरला तो सोडेचना. टँट हेपल परसात उभा राहून हात झटकत होता आणि ते हातभर लांबीचं, मुंगसासारखं जनावर दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यासारखं हेलकावे खात होतं. कुंपणाच्या भिंतीपलीकडून शेजारचा, या वयातही खाणीत पाळीला जाणारा कडी लेडलर तोंडात पाइप धरून बघत उभा होता. मदतीला यावं असं काही त्याच्या मनात नव्हतं. अशी करमणूक वेदरहोपसारख्या खाणीच्या गावात फुकट मिळते कुठे?

थर्झा पिठानं माखलेल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं बापाचं मनगट धरलं आणि ससे हाकलायला आणलेल्या त्या फेरेटसकट हात पावसाच्या पिंपात बुडवला. फेरेट सुटलं. अंगठा हाडापर्यंत फाटला होता.

"पक्कड आण," टँट म्हणाला. "सुळेच काढतो सटवीचे. सशाला बिळातून हाकलायला दात कशाला लागतात? माझ्या बापानं सगळ्यांचे काढले होते."

"आणि तुझ्या बापाचं एकही फेरेट दुसरा हिवाळा बघायला उरलं नाही," कडी म्हणाला. "त्यापेक्षा डोक्यात घाल एक. तुला जमत नसेल तर मी घालतो."

"कुणी काही घालायचं नाही," थर्झा म्हणाली. "मी आणते तिला वळणावर."

दोघे म्हातारे इतके हसले की टँटला खोकल्याची उबळ आली आणि त्याला धरून खुर्चीत नेऊन बसवावं लागलं. त्याच्या छातीत जन्मभराची कोळशाची भुकटी साठली होती. हसणंही त्याला परवडत नसे.

थर्झाला त्या जनावराचा लळा होता अशी कुणी समजूत करून घेऊ नये. पांढरी होतीच खाष्ट. कुण्या शेतकऱ्याच्या कोठारात जन्मलेली, माणसाचा हात न लागलेली, लाल डोळ्यांची, आणि वासाबद्दल तर बोलायलाच नको. पण दात काढून गरीब केलेली माणसं थर्झानं पुष्कळ पाहिली होती. एक तर रोज सकाळी तिला आरशात दिसे.

आई गेली तेव्हा थर्झा विशीत होती. बाप आणि दोन भाऊ, तिघे खाणीत, तिघांच्या पाळ्या वेगळ्या. घरात कायम कुणी जेवत असे, कुणी चुलीपुढच्या पत्र्याच्या टबात न्हात असे, कुणी झोपलेलं असे, आणि थर्झा पाणी तापवत असे. काळे कपडे भिंतीवर आपटायचे, बुटांना चरबी लावायची, पुन्हा पाणी. एक भाऊ लढाईत गेला. दुसरा, एडविन, डार्लिंग्टनला रेल्वेच्या कारखान्यात लागला आणि मॉड नावाच्या टापटिपीच्या बाईशी लग्न करून मोकळा झाला. थर्झा राहिली. तिला कुणी "राहा" म्हटलं नव्हतं. तसं म्हणायची वेळच कुणावर आली नाही.

आणि सकाळची ती दाराआडची गोष्ट. कामावर निघालेल्या खाणवाल्याला वाटेत बाई आडवी गेली तर तो माघारी फिरतो. त्या दिवशी खाली छत कोसळणार असं धरून चालतो. म्हणून पाळी जायच्या वेळेला वेदरहोपच्या बाया दारं लावून आत राहात. बुटांचे खिळे दगडी रस्त्यावर खडखडत गेले, आवाज विरला, की मग दार उघडायचं. थर्झा लहानपणापासून त्या दाराआड उभी राहात आली होती. पाण्याची बादली हातात, कान बाहेर. इतकी सवय की रविवारी, खाण बंद असतानाही, ती क्षणभर थांबे.

त्या शरदात तिच्यासाठी एक दार किलकिलं झालं होतं. व्हिटबीला, समुद्रावर, तिच्या मामेबहिणीची खानावळ होती; तिला स्वयंपाकाला बाई हवी होती आणि मार्टिनमासपर्यंत तिनं जागा धरून ठेवली होती. आमच्या भागात नोकरचाकर त्याच सणाला, नोव्हेंबरात, जुनी जागा सोडतात आणि नवी धरतात. एडविन बापाला न्यायला तयार होता. मॉडसुद्धा तयार होती, जरा नाक मुरडून. तयार नव्हता तो फक्त टँट.

"मॉडच्या घरात चहात कपाचा तळ दिसतो," तो म्हणे. त्यावर विषय संपे.

त्या दिवशी मात्र खोकला शमल्यावर त्याला पैज सुचली. खाणवाला कशावरही पैज लावतो. कबुतरांवर, कुत्र्यांवर, दोन पावसाच्या थेंबांपैकी काचेवरून खाली आधी कोणता पोचेल त्यावर.

"मार्टिनमासच्या आधी," तो म्हणाला, "तू तिला सशांवर सोड. ती काम करून बिळाबाहेर आली की मी तिला उचलणार, याच हातानं. चावली नाही तर मी जातो डार्लिंग्टनला. चावली तर व्हिटबीचं नाव पुन्हा काढायचं नाही. कडी साक्षीला."

"आहे साक्षीला," कडी भिंतीवरून म्हणाला. "पण पोरी, हातमोजे माझे नेऊ नकोस."

हातमोजे टँटनं पहिल्याच दिवशी बंद केले. गंमत ही की तिनं हरावं असं त्याला मनापासून वाटत होतं आणि ती काही चुकीचं करताना मात्र त्याला बघवत नव्हतं. खुर्ची खिडकीशी ओढून, अंगठ्याला गाठोडं बांधून तो आतून ओरडे.

"मोजा घातलास तर ती मोज्याला ओळखेल, तुला नाही. काढ तो. वरून कुठे हात घालतेस, घुबड आहेस का? वरून येतं ते खायला येतं एवढंच तिला कळतं. बाजूनं जा. मूठ वळ. घट्ट. ताणलेल्या कातडीत दात रुतत नाही. थुंक मुठीवर, थुंक, लाजतेस काय, इथे कोण पाद्री बघतोय."

पांढरीनं मूठ हुंगली, चाटली, आणि मग बाजूच्या करंगळीच्या मुळाशी धरली. थर्झानं हात ओढला. रक्त आलं ते आलंच, वर पांढरी खुराड्याच्या कोपऱ्यात जाऊन फुगून बसली.

"झालं," टँट म्हणाला. "शिकवलास धडा. चावलं की हात जातो, हे तिला आता पक्कं कळलं. अगं, हात मागे घ्यायचा नाही. चावली की उलटा आत ढकलायचा, तिच्याच तोंडात. म्हणजे तिला नकोसा होतो. ओढलास की मेलीस."

"दुखतं की, बाबा."

"दुखतं तर. मग काय गुदगुल्या होतील?"

ती शिकली. हात दोन्हीकडून जाळीदार झाले. दुकानात बाया विचारत, थर्झा, गुलाबाची झाडं लावलीस की काय. पण एका बाबतीत तिनं बापाचं ऐकलं नाही. वेदरहोपचा नियम असा की फेरेट भुकेलं ठेवायचं, दुधात भिजवलेला पावाचा तुकडा आणि तोही जेमतेम. पोट भरलं की ते कामाला जात नाही. थर्झाचं म्हणणं, अर्धपोटी प्राणी समोर येईल त्याला चावणारच, मी पण चावले असते. मटण रेशनवर, पण ससा रेशनवर नव्हता. कडीकडून ती सशाची डोकी आणि काळजं मागून आणे आणि पांढरीला पोटभर घाली. टँट खिडकीत कपाळाला हात लावी. "आता ती बिळात जाऊन घोरणार," तो म्हणे.

घोरली नाही. आठवड्यांमागून आठवडे गेले तशी ती मुठीवर नाक टेकून थांबू लागली, मग उचलू देऊ लागली, खांद्याखाली एक हात, पायांखाली दुसरा. मग थर्झा तिला पोलक्यात घालून भांडी घासू लागली. मागच्या गल्लीत दोन जाळ्या लावून तिनं तिला रिकाम्या नळकांड्यांतून आतबाहेर करायला लावलं. शिट्टी घातली की पांढरी येई.

खिडकीतल्या सूचना आताशा थांबल्या होत्या. टँट नुसता बघत बसे. थर्झा म्हणे, "बाबा, आता तुम्ही घ्या हातात." तो अंगठा दाखवी. "भरू दे अजून." अंगठा केव्हाच भरला होता.

सशांचा दिवस ठरला त्याच्या आदल्या संध्याकाळी कडी भिंतीशी आला आणि पाइप न पेटवता उभा राहिला.

"तिला आजवर तुझ्याखेरीज कुणाचा हात लागलाय?" त्यानं विचारलं.

थर्झाच्या हातातली बादली तशीच राहिली. ज्या हातानं खायला घालावं, फेरेट त्याच हाताचं होऊन बसतं. हे वेदरहोपचं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून तर माणसं आपलं फेरेट दहा जणांच्या हातात देऊन फिरवतात, दारूच्या गुत्त्यात नेतात, सासूच्या मांडीवर ठेवतात. तिला ठाऊक होतं. पण ती नुसती दात आणि दिवस यांच्या मागे धावत राहिली आणि तेवढं सुटलं.

"तुम्हाला आत्ता सुचलं होय?" ती म्हणाली.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," कडी म्हणाला. "साक्षीदारानं मध्ये बोलायचं नसतं."

"आणि बाबांना?"

कडीनं पाइप खिशात टाकला आणि आपल्या दाराकडे वळला.

आत जाऊन तिनं बापाला रात्रीचं वाढलं. भांडली नाही. भांडून काय, उद्याचा दिवस टळणार होता? बशी पुढ्यात जरा आपटून ठेवली इतकंच. टँटनंही वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कडीनं म्हाताऱ्याला आपल्या ढकलगाडीत बसवला, ज्यात तो एरवी खत नेई, आणि गाडी रेल्वेच्या बांधाशी आणली. गार, कोरडी सकाळ होती. थर्झानं बिळांच्या तोंडांवर जाळ्या खुंट्यांनी ठोकल्या. तोंडातून शब्द नाही. सशाला माणसाचा आवाज कळतो. मग पोलक्यातून पांढरीला काढलं, मुठीवर क्षणभर ठेवलं आणि बिळात सोडलं.

काही वेळ काहीच नाही. मग जमिनीखाली धप, धप. ससे मागचे पाय आपटून एकमेकांना सांगत होते. एक ससा जाळीत येऊन आदळला, पाठोपाठ दुसरा. कडीनं त्यांच्या माना मोडल्या. थर्झा बिळाकडेच बघत होती. पोटभर जेवलेली पांढरी आत ससा मारून त्याच्यावरच झोपली असती तर अर्धा बांध खणावा लागला असता. पण ती आली. नाकाला माती, मिश्या ताठ. बिळाच्या तोंडाशी थांबून तिनं इकडेतिकडे पाहिलं.

थर्झाची मूठ आपोआप वळली.

"तू लांब हो," टँट म्हणाला.

गाडी त्यानं बिळाशीच लावून घेतली होती. पण गाडीतून खाली वाकायचं म्हणजे हात वरूनच जाणार. गुडघे टेकायची त्याच्यात ताकद नव्हती. जन्मभर ज्याला त्याला घुबड म्हणणारा माणूस स्वतः घुबडासारखा वरून उतरला. वाकताना छाती घरघरली. पांढरी दबली, फुगली. थर्झाला ते दिसलं, पण तिनं तोंड उघडलं नाही. ते तिचं काम राहिलं नव्हतं.

टँटनं तिला उचलली. उचलता उचलता तो हात कोटात गेला आणि वरची बटणं दुसऱ्या हातानं लागली. तो ताठ बसला. चेहरा राखेसारखा झाला होता, पण तो हललासुद्धा नाही. कोटाच्या आत काय चाललं होतं, ते कोटालाच माहीत.

"चावली?" कडीनं विचारलं.

"गरीब गाय आहे," टँट म्हणाला. "चावली असती तर मी गप्प बसलो असतो का? कधी बसलोय का जन्मात?"

कडीनं मेलेले ससे पायांना एकमेकांत अडकवून काठीवर टांगले. या कामाला त्यानं फार वेळ लावला.

टँटच्या बाहीतून एक थेंब मनगटावर आला, तिथे जरा थांबला आणि गाडीच्या पाटीवर पडला. मग दुसरा. त्यानं हात मागे घेतला नव्हता. आत ढकलला असणार, तिच्याच तोंडात, त्याच्याच शिकवणीप्रमाणे. थर्झा पाच पावलांवर उभी होती. "बाबा, रक्त" एवढे दोन शब्द पुरे होते. मग पाणी तापवायचं, पट्टी बांधायची, आणि उद्या सकाळी दाराआड बादली घेऊन उभं राहायचं. शब्द अगदी ओठांवर आले. ती चांगली मुलगी होती, हीच तर सगळी अडचण होती.

"बाबा," ती म्हणाली, "मॉडला सांगून ठेवते, चहा जरा कडक करत जा म्हणून."

टँटनं मान हलवली. "साखरही दोन चमचे म्हणावं," तो म्हणाला. आवाज जरा चिरका निघाला.

घरी आल्यावर तिनं टेबलावर गरम पाणी, जंतुनाशक आणि फडकं ठेवलं, त्याच्याकडे न बघता, आणि वर पेटी भरायला गेली. खालून पाण्याचा आवाज आला, एक शिवी आली, मग बराच वेळ तो पांढरीशी काहीतरी बोलत होता. तिला तो सोबत नेणार होता. "एका हाताची होऊ शकते तर दुसऱ्याची पण होईल," तो कडीला म्हणाला. एडविन एका ओळखीच्या माणसाच्या मालमोटारीनं आला आणि बाप, खुराडं आणि खुर्ची घेऊन गेला. टँटचा उजवा हात मफलरमध्ये गुंडाळलेला होता आणि कुणी त्याबद्दल विचारलं नाही.

नंतर गावात बोललं गेलंच. दमेकरी बापाला टाकून गेली म्हणाले. ज्या बाया हे म्हणाल्या त्या दाराआडूनच म्हणाल्या.

व्हिटबीची बस उजाडता उजाडता निघायची, नेमकी पाळी जायच्या वेळेला. थर्झा पेटी घेऊन दारापाशी आली आणि बुटांचा खडखडाट ऐकून थांबली. पाय आपोआप थांबले. लांबून आलेला आवाज जवळ आला. आणखी जरा उभं राहायचं, ते गेले की निघायचं. पण ते गेले की बसही जायची. तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. करंगळीच्या मुळाशी दोन पांढरे डाग होते. मग तिनं दार उघडलं आणि रस्त्यावर पाऊल टाकलं, सरळ त्यांच्या पुढ्यात.

माणसं जागच्या जागी थिजली. पुढच्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली, काय करावं न कळून. मागचे दोघे खरंच माघारी फिरले. रांगेत कडी लेडलर होता, कमरेला पाण्याचा डबा, हातात दिवा.

"अगं पोरी," तो म्हणाला, "जरा थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"थांबलेच होते की, काका."

कडीनं रस्त्याच्या वरच्या टोकाला, खाणीच्या चाकाकडे पाहिलं. मग खाली बसच्या फाट्याकडे. दिवा त्यानं कमरेला अडकवला.

"पेटी दे इकडे," तो म्हणाला. "आज खाडा झालाच आहे."